साहेब आणि सूनबाई

कवळीवाल्यांचं अख्खं आयुष्य दुसऱ्यांच्या तोंडात गेलं, असं त्यांची बायको म्हणायची. म्हणजे ती बोलत होती तेव्हा.

शहरातल्या सहासात दातांच्या डॉक्टरांकडून त्यांच्याकडे साचे यायचे. घरापासून दहा मिनिटांवर, एका बेकरीच्या मागच्या खोलीत त्यांची लॅब होती. लॅब म्हणजे काय, एक लांबलचक ओटा, घासायची मोटर, मेण वितळवायचा दिवा आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर प्लास्टरच्या पांढऱ्या हिरड्या रांगेनं मांडलेल्या. कोणाची कवळी बोलताना खटखट वाजते, कोणाची हसताना घसरते, कोणाला 'स' म्हणता येत नाही, या सगळ्यांना पुन्हा नीट बोलतं करायचं हे त्यांचं काम. स्वतः मात्र मुलखाचे अबोल. अंगावर कायम प्लास्टरची भुकटी आणि छातीत कायम खोकला.

बायकोचं उलट. ती तीस वर्षं बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसली. दिवसभर लोक विचारणार आणि ही सांगणार. घरी आल्यावर तरी माणूस जरा गप्प बसेल की नाही? नाव नको. खिडकीत आलेल्या एकेकाची नक्कल व्हायची, कोण कोणाला सोडायला आलं आणि रडलं ते सांगून व्हायचं, आणि कवळीवाले ताटात बघत 'हं' म्हणायचे. "तुमच्यापेक्षा भिंत बरी," ती म्हणायची. "भिंत निदान गोष्ट अर्ध्यात टाकून हात धुवायला उठत नाही." पण रात्री दिवा मालवल्यावर तीच गोष्ट पुढं चालू व्हायची, आणि अंधारात कवळीवाले ती शेवटपर्यंत ऐकायचे. छत्तीस वर्षं एका पलंगावर असंच चाललं होतं.

निवृत्त झाली तेव्हा तिनं एक कॅनरी पक्षी आणला. लिंबाच्या सालीसारखा पिवळा, डोक्यावर जरासा राखाडी डाग. सकाळी अंघोळीची वाटी पिंजऱ्यात ठेवल्याशिवाय तो गाणार नाही. ठेवली की पंख झाडून, मान ताठ करून अर्धा तास थांबायचा नाही. म्हणून त्याचं नाव साहेब. "साहेब उठले का? साहेबांचं पाणी गार झालं," असं तिचं सकाळी सुरू व्हायचं. कवळीवाल्यांना पक्ष्यांचं काही विशेष नव्हतं, पण साहेब घरात आल्यापासून निम्मं बोलणं तिकडं जायचं, तेवढीच त्यांना सवड.

थंडीच्या तोंडावर, एका सकाळी, चहा गाळता गाळता ती स्वयंपाकघरात खाली बसली. मुद्दाम बसल्यासारखी बसली, म्हणून कवळीवाल्यांना आधी काही वाटलंच नाही. "काय सांडलं?" त्यांनी विचारलं. तिनं वर पाहिलं तेव्हा तिचं तोंड एका बाजूला ओघळलेलं होतं.

तीन आठवडे दवाखान्यात काढून ती घरी आली, ती उजवं अंग गमावून आणि एक शब्द घेऊन. तो शब्द होता 'उद्या'. पाणी हवं असलं तरी उद्या, दुखलं तरी उद्या, मुलीचा फोटो दाखवला तरी उद्या. डॉक्टर म्हणाले, "मेंदूतल्या बोलण्याच्या जागेवर घाव बसलाय. काही माणसांकडे असा एखादाच शब्द उरतो. तोच का उरतो ते मात्र सांगता येत नाही." कवळीवाल्यांना वाटलं, मला सांगता येईल. तीस वर्षांत त्या खिडकीतून दिवसाला शंभरदा तरी गेला असेल तो. आता गाडी नाही, उद्या. साहेब जागेवर नाहीत, उद्या या.

ती समजत सगळं होती. डोळ्यांवरून कळायचं. फक्त बाहेर येताना सगळ्याचं उद्या व्हायचं, आणि ते तिचं तिला ऐकू यायचं. मग ती डाव्या मुठीनं गादीवर मारायची.

दवाखान्यातल्यासारखी, डोक्याकडून वर करता येणारी खाट बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी लावली. सोबतीला एक मावशी ठेवल्या. पन्नाशीच्या, हाताला खंबीर, कामापुरतं बोलणाऱ्या. त्या खाटेशेजारी जमिनीवर गादी घालून झोपायच्या. कवळीवाले आतल्या खोलीत, जुन्या पलंगावर. तेही डॉक्टरांनीच सांगितलेलं. "तुमचा खोकला बरा होईपर्यंत जरा लांबच झोपा. यांच्या छातीत कफ झाला तर काढणं कठीण." आता प्लास्टरच्या भुकटीतला खोकला तो, बरा कुठून व्हायचा? त्यामुळं लांब ते लांबच राहिलं. कवळीवाले सकाळी तिच्या उशाशी यायचे तेसुद्धा तोंडावर रुमाल धरून.

तिचा चेहरा ओढला गेल्यामुळं तिची खालची कवळी बसेना. ती त्यांनीच पूर्वी केलेली होती. बोलणं शिकवायला येणारी ताई सहज म्हणाली, "दात नीट बसले तर जिभेला आधार मिळेल." तेवढं ऐकून कवळीवाल्यांनी डॉक्टरांची सगळी कामं बाजूला सारली. स्वतः तिच्या तोंडाचं माप घेतलं, मेणात चारदा लावून पाहिलं, ओघळलेल्या बाजूला केसभर जाडी दिली. त्यांच्या हातून इतकं सुरेख काम कधी झालं नव्हतं. कवळी अशी बसली की जणू हिरडीतूनच उगवलीय. तिनं तोंड मिटलं, उघडलं, आणि अगदी स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाली, "उद्या."

त्या दिवशी ते लॅबमध्ये गेले आणि मोटर चालू करून नुसते बसून राहिले.

दोन महिन्यांनी मुलगी आली. तिचं सासर लांब, पोरं लहान, चार दिवस काढून आली होती. आईच्या खाटेशी बसली, साहेबाकडं पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, हा बिचारा एकटा किती कुढत असेल. आई बोलायची त्याच्याशी, आता तेही नाही. याला जोडीदारीण आणू या. आईलाही बघायला काहीतरी होईल." कवळीवाले म्हणाले, "हं." दोघं मिळून दोन गल्ल्या पलीकडच्या पक्षीवाल्याकडं गेले. त्यानं जाळीत हात घालून एक फिकट पिवळं, कोवळं पाखरू काढलं. "मादी आहे. अगदी बिनघोर न्या."

मुलीनं तिचं नाव सूनबाई ठेवलं. पक्षीवाल्यानं रीतसर समजावलं होतं. आधी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवायची, काही रोग असेल तर कळतो. मग दोन पिंजरे शेजारी शेजारी. नर गजांमधून मादीला दाणा भरवायला लागला, की मगच दार उघडायचं. घाई करायची नाही. कवळीवाल्यांना हे बरं वाटलं. मापानं आणि टप्प्याटप्प्यानं करायच्या गोष्टी त्यांना कळायच्या. सूनबाईंचा पिंजरा त्यांनी आतल्या खोलीत, आपल्या पलंगाशेजारी टांगला. साहेब बाहेर, तिच्या खिडकीत.

मुलगी गेली. आणि आठवड्याभरात बायकोनं एक नवीनच सुरू केलं. डावा हात उचलायची, आपल्या बाजूला बोट करायची, मग उघड्या दारातून आतल्या खोलीकडं बोट करायची, आणि म्हणायची, "उद्या." पुन्हा इकडं, पुन्हा तिकडं. "उद्या."

कवळीवाल्यांना तेव्हा झालेला आनंद काय सांगावा. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिला नेमकं काहीतरी म्हणायचं होतं, आणि पहिल्यांदाच ते त्यांना कळलं होतं. "अगं हो," ते दारातूनच, रुमालामागून म्हणाले. "सूनबाईंना इकडं आणायचंय. पण महिना होऊ दे. पक्षीवाल्यानं सांगितलंय." त्यांनी फोनवर मुलीलाही सांगितलं, "तुझ्या आईला लग्नाची घाई झालीय." मुलगी हसली. या घरात कोणी हसल्याला बरेच दिवस झाले होते.

महिना भरल्यावर त्यांनी सूनबाईंचा पिंजरा बाहेर आणून साहेबाच्या पिंजऱ्याला चिकटून टांगला. चोच घासायला समुद्रफेणीचा तुकडा, खायला काकडीची फोड, दोघांना सारखं. सूनबाई दांडीवर अंग फुगवून बसायची आणि गळ्यातल्या गळ्यात काहीतरी पुटपुटायची. "ऐक, उत्तर देतेय त्याला," कवळीवाले म्हणायचे. पण बायकोचं समाधान होईना. तिचं बोट अजून तसंच. कधी अंदाज चुकून आतल्या दाराकडंच जायचं. "अगं, आणली की तिला. ही काय," ते म्हणायचे. एके दिवशी तिनं डाव्या हाताची दोन बोटं वर केली, पहिलं आणि मधलं. आधी लांब धरली, मग हळूहळू जवळ आणून एकमेकांना चिकटवली. तिचे डोळे भरून आले होते.

"एकत्र?" कवळीवाल्यांनी विचारलं.

"उद्या," ती म्हणाली, आणि मान हलवली. ती मान हलवणं इतकं स्पष्ट होतं की शंकेला जागाच नव्हती.

थंडी सरली होती, सकाळचं ऊन खिडकीत यायला लागलं होतं. साहेबानं सूनबाईला भरवलेलं अजून त्यांनी पाहिलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब गजांना बिलगला आणि चोच पलीकडं घालून दोनतीनदा पटपट काहीतरी केलं. कवळीवाल्यांनी चष्मा पुसून पाहिलं. भरवतोयच. दुसरं काय असणार? त्यांनी सूनबाईला अलगद मुठीत धरलं आणि साहेबाच्या पिंजऱ्यात सोडलं. दोघं दोन टोकांच्या दांड्यांवर बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काही नाही. "झालं तुझ्या मनासारखं?" त्यांनी बायकोला विचारलं. ती पिंजऱ्याकडं बघतच नव्हती, त्यांच्याकडं बघत होती. एका डॉक्टरला अकरापर्यंत कवळी पोचवायची होती. ते निघाले.

पुढं काय झालं ते त्यांनी तुकड्यातुकड्यांनी गोळा केलं. मावशी दहा वाजता औषधं आणायला खाली गेल्या होत्या. दुकानात गर्दी होती, वीसपंचवीस मिनिटं गेली. शेजारीण घरात भाजी चिरत होती, तिला भिंतीतून काकूंचा आवाज ऐकू आला. उद्या, उद्या, उद्या, असा एकसारखा. "रोजचंच ते," शेजारीण नंतर डोळे पुसत म्हणाली. "मला वाटलं, रोजच्यासारखंच चाललंय. जरा मोठ्यानं होतं, पण शब्द तोच ना हो. मला कसं कळावं?"

मावशी वर आल्या तेव्हा काकू खाटेच्या कठड्यावर निम्म्या ओणवलेल्या होत्या. हात पिंजऱ्याच्या दिशेनं ताणलेला, पिंजरा वीतभर लांब. पलंगपोस खाली ओढला गेला होता. सूनबाई पिंजऱ्याच्या तळाशी पत्र्यावर पडली होती, डोक्याची कातडी सोललेली, एक डोळा गेलेला. साहेब वरच्या दांडीवर बसून चोच पुसत होता.

कवळीवाल्यांनी ते पाखरू कवळ्यांच्या डबीत ठेवलं आणि पक्षीवाल्याकडं नेलं. का नेलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पक्षीवाल्यानं ते तळहातावर उताणं केलं, पोटावर फुंकर मारून पिसं बाजूला केली.

"नर आहे," तो म्हणाला. "कोवळ्यात चूक होते कधीकधी. गळा फुगवून पुटपुटायचा का?"

"हो."

"मग झालं तर. गायला शिकत होता. थंडी सरल्यावर, विणीच्या दिवसांत, दोन नर एका पिंजऱ्यात, कोणीतरी जाणारच. गजांमधून टोचतही असेल आधीपासून."

"मला वाटलं, भरवतोय."

पक्षीवाल्यानं झाकण लावून डबी परत दिली.

त्या दिवसापासून बायको बोलायची थांबली. उरलेला एक शब्दही तिनं टाकून दिला. कवळीवाले खोलीत आले की मान भिंतीकडं. साहेब गायला लागला की डोळे मिटून घ्यायची आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायचं. तिसऱ्या दिवशी ते साहेबाला लॅबमध्ये घेऊन गेले. तिथं मोटरचा आवाज चढला की साहेबही आवाज चढवायचा, जणू पैज लागलीय. त्यांना त्या पक्ष्याचा राग करता येईना. त्यानं काय केलं होतं? त्याच्या घरात परकं सोडलं ते यांनीच.

पंधरा दिवस असे गेले. मग एका संध्याकाळी ते चपला काढत असताना मावशी दारापाशी आल्या. पदराशी चाळा चालला होता.

"काका, रागावू नका. एक सांगू?"

"सांगा ना."

"काकू आज पुन्हा तसं करत होत्या. इकडं बोट, आत बोट. मग दोन बोटं अशी जवळ."

"आता कोणता पक्षी आणायचा?" कवळीवाले थकून म्हणाले. "घरात एक पीस राहिलं नाही."

"तेच तर म्हणतेय मी," मावशी म्हणाल्या. "पक्ष्यांचं नव्हतंच ते. तुम्ही सकाळी गेलात की रोज त्या आतल्या पलंगाकडं बघत पडायच्या. मला वाटायचं, तुम्हाला कळतंय, पण खोकल्यामुळं तुम्ही टाळताय. नवराबायकोच्या मध्ये मी कशाला तोंड घालू, म्हणून गप्प बसले."

कवळीवाले दारातल्या स्टुलावर बसले. एक चप्पल पायात, एक हातात. मावशींनी पाणी आणून दिलं, ते त्यांनी हातात घेतलं आणि तसंच परत दिलं. एकेक दिवस त्यांना आठवत होता. तिचं बोट, आणि आपण दारात रुमाल धरून सूनबाईच्या गोष्टी सांगत उभे. तिला लग्नाची घाई झालीय. तिनं दोन बोटं जोडून दाखवली, डोळ्यांत पाणी आणून मान हलवली, आणि आपण जाऊन पिंजऱ्याचं दार उघडलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी आतल्या पलंगाच्या फळ्या सुट्या केल्या आणि बाहेर आणून तिच्या खाटेला लागून पलंग उभा केला. मावशींची गादी आत गेली. खाट पलंगापेक्षा वीतभर उंच होती, म्हणून पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे घातले. दोन्ही गाद्या एका पातळीत येईपर्यंत ते वाकून वाकून डोळा लावत राहिले. मग आडवे झाले.

"हेच म्हणत होतीस ना?" त्यांनी विचारलं. "मी मूर्ख आहे. तुला माहीतच आहे ते."

तिनं मान भिंतीकडून वळवली नाही. ते तिच्या पाठमोऱ्या डोक्याशी बोलत राहिले. अबोल माणूस तो, बोलायचं काय हेच त्याला सुचेना. मग आज कोणाची कवळी झाली, कोण 'स' म्हणायला शिकलं, बेकरीवाल्याचं आणि त्याच्या भावाचं काय वाजलं, जे आठवेल ते. गोष्ट अर्ध्यात टाकून उठले नाहीत. खोकला आला की तोंड उशीत दाबायचे.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांना जाग आली तेव्हा तिचा डावा हात त्यांच्या मनगटावर होता. झोपेत पडला होता की ठेवला होता, ते त्यांना कळलं नाही. त्यांनी हात हलवला नाही. लॅबला उशीर झाला.

नवव्या दिवशी तिला ताप चढला. छातीत कफ. डॉक्टर आले, दवाखान्यात हलवलं. चार दिवस नळ्या, यंत्रं, आणि पाचव्या दिवशी सकाळी ती गेली. जाताना मुलगी जवळ होती. कवळीवाले बाहेरच्या बाकावर होते, कारण त्यांना आत खोकत बसू देत नव्हते.

"माझ्यामुळं झालं का?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं. "मी शेजारी झोपत होतो. नऊ दिवस."

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "असं मनात आणू नका. पडून राहिलेल्या माणसाचं असंच होतं. आज ना उद्या झालंच असतं." डॉक्टर भला माणूस होता, आणि कदाचित ते खरंही असेल. पण भल्या माणसांनी सांगितलेल्या गोष्टींवर कवळीवाल्यांचा आता विश्वास बसत नव्हता.

मुलगी महिनाभर राहिली. कपाट आवरलं, औषधं दवाखान्यात देऊन टाकली, खाट ज्यांची त्यांना परत पाठवली. पलंग पुन्हा आत नेऊ का म्हणाली, तर ते म्हणाले, असू दे. ठोकळ्यांमुळं तो तसाच उंच राहिला. "माझ्याकडं चला," ती रोज म्हणायची, आणि ते रोज म्हणायचे, "बघू." साहेब लॅबमध्ये आहे हे तिला माहीत होतं. सूनबाई आजारानं गेली, असं तिला सांगितलेलं होतं. मावशींनाही त्यांनी तसं बजावलं होतं. पोरीनं प्रेमानं आणलेला पक्षी. तिच्या डोक्याला तो भुंगा कशाला?

निघायच्या दिवशी, बॅग दारात ठेवून, ती रिकाम्या खिडकीकडं बघत उभी राहिली.

"एका गोष्टीचं बरं वाटतं, बाबा," ती म्हणाली. "आईनं दोन बोटं जोडून दाखवली होती, तुम्ही फोनवर सांगितलंत ना. तिची ती इच्छा तरी तुम्ही पुरी केलीत. शेवटी तिनं त्या दोघांना एकत्र पाहिलं."

कवळीवाल्यांनी बॅग उचलली. "हो," ते म्हणाले. "पाहिलं तिनं." आणि जिना उतरायला लागले, पुढं होऊन, म्हणजे पोरीला तोंड दिसू नये.